तुरा छापची चाल

तातोबा मास्तरांना मी कधी गुणगुणताना ऐकलं नाही. चाली बांधून पोट भरणारा माणूस, पण आंघोळीला बसला तरी तोंड बंद. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "हलवाई घरात बसून बर्फी खातोय व्हय रं?" आणि पेटीच्या भात्याला ठिगळ लावण्यात पुन्हा गढून गेले. निपाणीत त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मधे एक कुडाची भिंत होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. कान न लावताही मला पलीकडचं सगळं ऐकू यायचं, म्हणून खात्रीनं सांगतो. त्या घरात गायची ती फक्त आक्का, मास्तरांची बायको. तीही दिवसातून एकदा, दिवेलागणीला, आणि तेही एकच गाणं.

मास्तर चांगले उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे वाकून चालायचे. भाता ओढून ओढून डावा खांदा वर गेलेला. भर उन्हाळ्यातसुद्धा सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेलं. उमेदीची वर्षं त्यांनी बिडी खपवण्यात घालवली, पण स्वतः कधी बिडी ओढली नाही. "खोकला येतोय," म्हणायचे. बिडीच्या मालकासमोरसुद्धा बिनदिक्कत म्हणायचे, आणि मालक हसायचा, कारण त्याला मास्तरांची फुप्फुसं नको होती, चाली हव्या होत्या.

निपाणीला येण्याआधी आम्ही दोघं बेळगावात होतो. तिथल्या एका मूकपटाच्या थेटरात पडद्याखाली बसून मास्तर पायपेटी वाजवायचे आणि मी क्लॅरोनेट. तेव्हाची चित्रं मुकी, त्यामुळे रडणं, पळणं, घोडे, वादळ, सगळं आम्हालाच करावं लागे. बाकीचे वाजवणारे मान वर करून पडद्याकडे बघत वाजवायचे. मास्तर पडद्याला पाठ देऊन बसायचे आणि प्रेक्षकांकडे बघत वाजवायचे. "पडद्यावरचं ठरल्यालं हाय. बदलतंय ते हितं," असं म्हणून समोरच्या अंधारात बोट दाखवायचे.

एका चित्रात आईच्या मांडीवर मूल मरतं असा प्रसंग होता. थेटरवाल्याचा हुकूम असा, की तिथं जोगिया वाजवायचा, चांगला रडका. पहिल्याच खेळाला मूल मेलं आणि मास्तरांनी पेटीवरून हात आणि पाय दोन्ही काढून घेतले. मला कोपरानं ढोसलं, मीही थांबलो. थेटरात नुसती यंत्राची टरटर. मग बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, पाठोपाठ दुसरा, आणि बघता बघता सगळं थेटर रडायला लागलं. खेळ सुटल्यावर थेटरवाला अंगावर धावून आला. "तुला वाजवायला ठेवलंय का गप बसायला?" मास्तर शांतपणे म्हणाले, "गप बसणं जास्ती अवघड हाय, मालक."

त्या वेळी त्यांची स्वतःची पोर नुकतीच गेली होती, हे थेटरवाल्याला ठाऊक नव्हतं. चिमी तिचं नाव. धड चालायलाही लागली नव्हती, तापानं गेली. आक्का खानापूरकडच्या रानातल्या गावची, पत्रावळी लावून विकायची. दोन्ही हात पानांत गुंतलेले, म्हणून लुगड्याच्या झोळीला ती पायानं झोका द्यायची आणि आपल्या आईकडून आलेलं गाणं म्हणायची:

करवंदं पिकली डोंगरवाटेला…
नीज माझे चिमे, उद्या जाऊ भेटीला…

पहिली ओळ संपली की ती थांबायची. उजवा पाय पुढं जाऊन झोळीला रेटा द्यायचा, झोळी जाऊन परत यायची, आणि मग दुसरी ओळ. त्या थांबण्यातच पोर झोपायची. चिमीचा फोटो नव्हता. अंगडी-टोपडी, खुळखुळा सगळं तिच्याबरोबर पुरलं. मागं उरलं ते एवढं गाणं. म्हणून आक्का रोज दिवा लावून झाला की भिंतीला टेकून बसायची आणि ते एकदा म्हणायची, मधल्या थांबण्यासकट. झोळी नव्हती तरी पाय पुढं जायचा. तेवढा वेळ मास्तर बाहेर कट्ट्यावर येऊन बसत, आणि मी बोलायला गेलो तर हातानं गप करत.

पुढं बोलपट आले आणि मुक्या पडद्याबरोबर आमचंही तोंड बंद झालं. थेटरवाल्यानं पायपेटी विकून टाकली. काही दिवस आम्ही लग्नाच्या वराती वाजवल्या, पण मास्तरांना वरात जमेना. ते नवरीच्या आईकडे बघून वाजवायचे, आणि वरातीत सगळी रडारड. शेवटी निपाणीच्या एका बिडीवाल्यानं बोलावलं. त्याची एक रंगवलेली बैलगाडी होती. गाडीवर पेटी, क्लॅरोनेट, ढोलकी, लुगडं नेसून नाचणारा-गाणारा एक मिशाळ गडी आणि मागं बिड्या फुकट उधळणारा कारकून. गावोगावच्या बाजाराला ही गाडी न्यायची, गर्दी जमवायची आणि बिडीचं नाव लोकांच्या डोक्यात बसवून यायचं. माझ्या सासऱ्यानं हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मास्तरांनी मात्र हे काम भजनाला बसल्यासारखं मनापासून घेतलं. आधी कितीतरी दिवस पेटी उघडलीच नाही. बाजारातून नुसते हिंडत होते, कुठली भाजीवाली कुठल्या सुरात ओरडते आणि कुणाचं ओरडणं लांबवर जातं ते ऐकत. मग आम्हाला समोर बसवून शिकवलं. "थेटरात माणूस तिकीट काढून बसल्याला असतोय. बाजारात त्यो चालतोय. काखंत कोंबडी हाय, बायकू पुढं गेलीया. तेवढ्यात त्याला धरायचा." गाणं काडी ओढून बिडी पेटेपर्यंत संपलं पाहिजे. बिडीचं नाव लांब सुरावर आलं पाहिजे. बेसुऱ्या माणसाला घेता येणार नाही असा एकही सूर नको, कारण बिडी ओढणाऱ्यांत बेसुरेच जास्त. चाल अगदी नवी नको, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही मला आधीपासूनच येते. आणि मधे कुठंही जागा सोडायची नाही. "जागा घावली की गिऱ्हाईक निसटलं." गप बसणं अवघड असतं म्हणणारा माणूस तो हाच का, असं माझ्या मनात येऊन गेलं. 

चाल लागली की नाही हे बघायची त्यांची तऱ्हाही न्यारी होती. नवी चाल आम्ही तंबाखूच्या वखारीसमोरच्या नळावर, बायका पाणी भरताना, दोन-तीनदा वाजवायचो. दुसऱ्या दिवशी वाद्यं घरी ठेवून मास्तर नुसतेच नळाशी जाऊन उभे राहायचे. एखाद्या बाईच्या तोंडून चाल परत आली तर ठेवायची. नाही आली तर टाकून द्यायची, मग ती कितीही गोड असो.

एका साली मालकानं 'तुरा छाप' नावाची नवी बिडी काढली. बाजारात दुसऱ्यांच्या बिड्यांचा जोर होता आणि मालक घायकुतीला आला होता. "मास्तर, औंदा तुरा चालला न्हाय तर गाडी बी बंद आनि तुमी बी बंद," असं त्यानं तोंडावर सांगितलं. मास्तरांनी चालीवर चाली बांधल्या. नळावरून एकही परत आली नाही. आक्का तोवर वखारीत तंबाखू चाळायला जायला लागली होती. संध्याकाळी खोकत यायची आणि पदर झटकला की त्यातून तंबाखूचा खकाणा उडायचा. मास्तर तिच्याकडे बघायचे आणि ताटावरून तसेच उठायचे.

एके सकाळी ते गाडीशी आले ते डोळे तांबारलेले. काही न बोलता पेटी काढली आणि वाजवायला लागले. लय पळती होती, ढोलकीवाल्यानं लगेच ठेका धरला. पण मी पहिल्या ओळीतच ओळखलं. क्लॅरोनेट तोंडापर्यंत नेलेलं तसंच खाली आलं.

"मास्तर, ह्ये आक्काचं हाय."

"कुणाला ठावं हाय? तुला, मला आनि तिला."

"पर मास्तर…"

"लोकांच्या तोंडात हाय तेच घ्यायचं, ह्ये मीच तुला शिकीवलंय. माझ्या घरात एवढंच हाय रं," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुढं वाजवत राहिले. पहिल्या ओळीनंतर आक्का थांबायची ती जागा आली. बाजारात जागा सोडायची नसते. मास्तरांनी तिथं वरच्या लांब सुरावर बिडीचं नाव बसवलं होतं:

दमल्या गड्याला बाजारवाटेला — तुरा!
काडी लाव पाव्हण्या, दोस्ताच्या भेटीला — तुरा!

पहिल्याच बाजाराला, तिसऱ्या खेपेला, आम्ही गायच्या आधी गर्दीच 'तुरा!' म्हणून ओरडली. मिशाळ नाच्या आनंदानं गाडीवरून पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी नळावर मास्तरांना उभं राहायचीही गरज पडली नाही. पाणी भरणाऱ्या बायका, हंडे घासणाऱ्या पोरी, साऱ्या तेच म्हणत होत्या.

आक्कानं ते वखारीत ऐकलं. शेजारी बसून चाळणी मारणाऱ्या बायकांच्या तोंडून. त्या संध्याकाळी ती घरी आली, दिवा लावला, भिंतीला टेकून बसली. मी अलीकडं जेवत होतो. तिनं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली, ती थांबली, आणि थांबलीच. दुसरी ओळ आली नाही. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, रडका नाही, साधाच.

"अवं, माझ्या चिमीला गाडीवर बसवलासा तुमी."

मास्तर कट्ट्यावरून उठून आत आल्याचं ऐकू आलं.

"उतरवा तिला."

"व्हय," मास्तर म्हणाले. "उतरवतो."

त्या दिवसापासून आक्काचं दिवेलागणीचं गाणं बंद झालं. मी मात्र कितीतरी दिवस त्या वेळेला घास हातात धरून वाट बघायचो.

मास्तरांनी कबूल केलं ते कुणाला तरी जमणारं होतं का? भिंतीवरची जाहिरात चुना मारून पुसता येते. लोकांच्या तोंडातली चाल कशी पुसणार? त्यांना एकच उपाय ठाऊक होता, की तिच्याहून वरचढ चाल बांधायची आणि ही बाहेर ढकलायची. त्यांनी किती चाली बांधल्या! तसलं काम मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. एकेक चाल अशी, की बैलसुद्धा माना हलवायचे. लोक ऐकायचे, हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि शेवटी ओरडायचे, "आता ती म्हना की वो, तुऱ्याची!" मास्तर पेटी मिटायचे. मग नाच्याच कंबरेवर हात ठेवून सुरू करायचा आणि सगळा बाजार साथीला. एकदा मास्तरांनी मालकाचे पाय धरले, ती चाल बंद करा म्हणून. मालकाला ते खरंच कळलं नाही. "दुभती म्हस कोन सोडतंय वो?" तो म्हणाला, आणि चहा मागवला.

त्यावर कडी म्हणजे मालकानं त्या गाण्याची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. रेकॉर्डवाले बेळगावात उतरले होते. एका बंगल्यातल्या खोलीला आतून गोधड्या लावून त्यांनी सोय केली होती. आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. वाटेत मास्तर माझ्या कानाशी लागले. "आज मोडून वाजवायचं. तू सूर उतरव, मी लय ढिली सोडतो. रेकॉर्ड भिकार निघाली की कोन ऐकतंय? बाजारात बी हसं व्हईल आनि मरंल ती चाल." त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला होता. मीही कबूल झालो.

खोलीत गेलो. दार लागलं. रेकॉर्डवाल्यानं हात वर केला, खाली सोडला. आणि मी बघतच राहिलो. मास्तरांची वाकलेली पाठ सरळ झाली. त्यांची बोटं पेटीवर पडली ती अशी, की त्यांनी तसं आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारी माणूस असा वाजवत असताना क्लॅरोनेटवाल्याला मुद्दाम बेसूर फुंकता येत नाही. मला तरी आलं नाही. सगळ्यांनी 'तुरा!' असा काही टाकला, की रेकॉर्डवाल्यानं शेवटी उठून मास्तरांची पाठ थोपटली. मास्तर आपल्या हातांकडे बघत बसले होते.

"ऐकंनात रं," ते मला म्हणाले. "बोटं ऐकंनात."

परतीच्या वाटेवर मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

ती रेकॉर्ड हॉटेलांत गेली, पानपट्टीवर गेली, जत्रांत गेली. आता गाडीची गरजच उरली नाही. लढाईच्या दिवसांत बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळाचं काम निघालं, तिथं खडी फोडणारे मजूर त्या चालीवर घण उचलायचे आणि नेमक्या जागेवर 'तुरा!' म्हणून खाली आणायचे. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. घरी येऊन सांगितलं नाही.

आक्काची छाती तोवर पार गेली होती. वखार सुटली, पण खोकला सुटला नाही. शेवटी ती अंथरुणाला खिळली. मास्तर तिला उठवून बसवायचे, पाठ चोळायचे, भाकरी दुधात कुस्करून भरवायचे. त्या दोघांत भांडण असं कधी झालं नाही. चाल बांधल्यापासून त्यांचं बोलणं फक्त भाकरी, पाणी आणि औषध एवढ्यावर आलं होतं.

एका दुपारी मास्तरांनी भिंतीवर हात मारून आम्हाला बोलावलं. माझी बायको आक्काच्या उशाशी बसली, मी दाराशी उभा राहिलो. आक्काचा श्वास वरवर चालला होता. तिनं मास्तरांना जवळ यायची खूण केली.

"म्हना की," ती म्हणाली.

काय म्हणायचं ते मास्तरांनी विचारलं नाही. मांडी घालून बसले, गळ्याचं बटण काढलं, आणि ज्यांना मी आयुष्यात कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं ते तातोबा मास्तर गायला लागले. अगदी हळू. झोळीच्या लयीत. आवाज चिरका होता, पण सूर जागच्या जागी. करवंदं पिकली डोंगरवाटेला… आणि ते थांबले. थेटरात थांबले होते तसे. ती जागा त्यांनी सोडली, रिकामी, स्वच्छ, इतक्या वर्षांनी. मी मनात धावा करत होतो, की देवा, आता गल्लीतून कुणी ओरडू नये. गल्लीतून कुणी ओरडलं नाही.

अंथरुणावर आक्काचे सुकलेले ओठ हलले.

"तुरा," ती म्हणाली.

तिचं तिलाच ऐकू गेलं असावं. तिनं डोळे उघडले आणि मास्तरांकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता मला बी तेच येतंय वो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसरी ओळ मास्तरांनी म्हटली नाही. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आक्का गेली.

दिवसकार्य झाल्यावर मास्तरांनी पेटी मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि खोली सोडली. कुठं गेले ते कुणाला सांगितलं नाही. मी पुन्हा वरातीत वाजवायला लागलो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी एका लग्नाच्या सुपारीसाठी मी लोंढ्याला गाडी बदलत होतो. स्टेशनात कागदी झेंड्यांच्या माळा अजून लोंबत होत्या, पावसानं रंग उतरलेल्या. त्याखाली बाकड्यावर मास्तर बसले होते. दाढी वाढलेली, पण गळ्याचं बटण लावलेलं. मला ओळखलं. मी शेजारी बसलो.

"कुठं गेलतासा, मास्तर?"

"तिच्या गावाला गेलतो. रानात. तिची मावशी हाय अजून, लई म्हातारी. म्हटलं, तिच्याजवळ तरी ते हुतं तसं असंल. एकदा ऐकावं आनि यावं."

"मग? येतंय का तिला?"

"येतंय की. सगळं येतंय." ते रुळांकडे बघत म्हणाले, "घरासमोर दुकान हाय. दुकानात रेकॉर्डीचा फोनो हाय."

 तेवढ्यात माझी गाडी लागली. मी त्यांचा हात धरला, तो थंड होता, आणि डब्यात चढून खिडकीशी बसलो. फलाटावर हमाल पोत्यांनी भरलेली ढकलगाडी रेटत होते. ओझं जड होतं, म्हणून एकानं चाल धरली, तीच. ओळ संपली की सगळे मिळून 'तुरा!' म्हणायचे आणि गाडीला रेटा द्यायचे. ते मास्तरांच्या अगदी समोरून गेले. मास्तरांनी वर पाहिलं नाही, तोंडही वाकडं केलं नाही. ओळ संपली, हमाल ओरडले, आणि बाकड्याखाली मास्तरांचा उजवा पाय हळूच पुढं सरकला, जरा थांबला, आणि मागं आला.